धातूच्या मानेची गिटार: ओलाव्यापासून सुटका, उष्णतेशी गाठ

अमेरिकन ध्वनिमुद्रक आणि गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी मे २०२४मध्ये गेले, तेव्हा त्यांचे जुने फोटो आणि व्हिडिओ पुन्हा सगळीकडे फिरले. त्यांतल्या एका गोष्टीवर अनेकांची नजर खिळली. त्यांच्या गिटारची मान लाकडी नव्हती. ती चकचकीत पांढऱ्या धातूची होती आणि वरच्या टोकाला, खुंट्यांच्या मधोमध, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचं आरपार भोक होतं. हे काय आहे? धातूची मान कशासाठी? आवाज पत्र्यासारखा येत नाही का?

हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात, कारण माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या मानेची एक गिटार आहे, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. उत्तर देताना दरवेळी लक्षात येतं की लोक आवाजाबद्दल विचारतात, पण या गिटारचं खरं गुपित उष्णतेत आहे. तिथपर्यंत पोचायला आधी थोडं मागे जावं लागेल.

मान करते तरी काय?

गिटारचा जो लांब, अरुंद भाग डाव्या हातात धरतात ती मान. गिटारवाले तिला ‘नेक’ म्हणतात. तिच्यावर पट्टी, पट्टीवर धातूचे आडवे पडदे, म्हणजे फ्रेट. वरच्या टोकाला खुंट्या, खालच्या टोकाला गिटारचं धड आणि धडावर तारांचा दुसरा आधार, म्हणजे ब्रिज.

पाहणाऱ्याला मान म्हणजे बोटं ठेवायची जागा वाटते. प्रत्यक्षात ती सतत ओढ सोसत असते. नेहमीच्या जाडीच्या सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास जातो. एखादं मोठं माणूस मानेला सतत लटकलंय असं समजा, रात्री आपण झोपलेलो असतानासुद्धा. आणि ही ओढ सरळ रेषेत नसते. तारा मानेच्या एकाच बाजूने जातात, त्यामुळे ती ओढ मानेला धनुष्यासारखी वाकवू पाहते.

लाकडाचं दुखणं

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि कोरड्या हवेत तो सोडतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात तेच दार सैल होतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. दार अडकलं तर जरा जोर लावून उघडता येतं. मानेचं तसं नाही. तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर काही दशांश मिलिमीटरच्या हिशेबात असतं. मान तेवढीशी हलली तरी तारा फ्रेटवर घासून खरखरतात, किंवा इतक्या उंच होतात की बोटं दुखतात.

यावर जुना उपाय आहे ट्रस रॉड: लाकडी मानेच्या पोटात बसवलेली स्टीलची सळई. तिचा नट किल्लीने फिरवला की तारांच्या ओढीला उलटा जोर मिळतो आणि मान सरळ करता येते. उपाय चांगलाच आहे. पण ऋतू बदलला की किल्ली काढावी लागते, आणि लाकूड पिळलं, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली गेली, तर साध्या ट्रस रॉडचं काही चालत नाही.

मग कुणाच्या तरी डोक्यात येणारच: ओलावा पीतच नाही अशा पदार्थाची मान का करू नये?

ही कल्पना आली कुठून?

बाजारात यश मिळालेली पहिली विजेवरची गिटारच मुळात अ‍ॅल्युमिनियमची होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जॉर्ज बोशाँ आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली अमेरिकेत आणलेली ही गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. मान आणि धड एकत्र ओतलेलं, आकार लांब दांड्याच्या तव्यासारखा, म्हणून नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. तिची एक तक्रार लगेच पुढे आली: रंगमंचावरच्या तापलेल्या दिव्यांखाली तिचा सूर सरकायचा. ही तक्रार लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

पुढे इटलीत कावरिआगो गावच्या अंतोनिओ पिओली यांनी ‘वांद्रे’ नावाने अ‍ॅल्युमिनियमच्या मानेच्या विलक्षण आकारांच्या गिटारी बनवल्या, साधारण पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून साठच्या दशकात. सत्तरच्या दशकात फ्लोरिडातल्या जॉन व्हेलेनो यांनी अख्खी गिटारच अ‍ॅल्युमिनियमची केली, पण त्यांच्या हातून दोनशेही गिटारी झाल्या नाहीत.

आज ‘जुनी अ‍ॅल्युमिनियम मानेची गिटार’ म्हटलं की बहुधा दोनच नावं डोळ्यांसमोर येतात. पहिलं ट्रॅव्हिस बीन, बनवणाऱ्याच्याच नावाची. कॅलिफोर्नियात १९७४ साली ही गिटार बनू लागली आणि १९७९पर्यंत बनत राहिली. गिटार आणि बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) मिळून साडेतीन हजारांच्या आसपास वाद्यं. हिच्यात मान धडाला जोडलेली नसते. अ‍ॅल्युमिनियमचा एकच तुकडा खुंट्यांपासून निघून धडाच्या आतून थेट ब्रिजपर्यंत जातो. ब्रिज त्याच्यावर, आणि तारांची हालचाल टिपणारा पिकअपही त्याच्यावर. तारेची दोन्ही टोकं एकाच धातूच्या तुकड्यावर टेकलेली, आणि लाकडी धड त्याच्याभोवती चढवलेलं. मला ही रचना फार आवडते. तिच्यात लपवाछपवी नाही.

दुसरं नाव क्रेमर. ट्रॅव्हिस बीनसोबत सुरुवातीला असलेले गॅरी क्रेमर वेगळे झाले आणि १९७६च्या सुमारास न्यू जर्सीतल्या नेपच्यूनमध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. क्रेमरची मान धडाला स्क्रूने जोडलेली. तिच्या पाठीत दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या, म्हणजे वजन उतरतं आणि तळव्याला सगळी धातूच लागत नाही. वरचं टोक स्वरकाट्यासारखं दुभंगलेलं. पट्टीसुद्धा लाकडाची नव्हे, एबोनॉल नावाच्या कडक, काळ्या, कृत्रिम पदार्थाची.

‘अ‍ॅल्युमिनियम तर मऊ असतं, वाकणार नाही का?’

पातळ अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आपटलं की पोचा येतो, म्हणून ही शंका येते. पण शुद्ध अ‍ॅल्युमिनियम आणि त्याचा मिश्रधातू यांत मोठा फरक आहे. ट्रॅव्हिस बीनच्या मानेत ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू वापरला. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन असतं, आणि ठरावीक तापमानाची प्रक्रिया दिली की तो शुद्ध धातूच्या कित्येक पट मजबूत होतो. सायकलच्या सांगाड्यांतही हाच मिश्रधातू वापरतात. ४५ किलोच्या ओढीने तो कायमचा वाकण्याच्या जवळपासही जात नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण जाहिरातींत ती कधी येत नाही. सारख्याच आकाराच्या मेपल लाकडापेक्षा अ‍ॅल्युमिनियम पाच-सहा पट ताठ असतं हे खरं, पण ते जवळजवळ चौपट जडही असतं. वजनाच्या हिशेबात पाहिलं तर लाकूड काही कच्चं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा फायदा येतो तो मान आतून पोकळ करता येते म्हणून, आणि त्याला रेषा नसतात, गाठ नसते, ओलावा नसतो म्हणून. लाकडाच्या दोन माना कधी एकसारख्या नसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या असू शकतात.

या गिटारींत ट्रस रॉड नाही. लागतच नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की मानेचा बाक जसा आला तसा आला. थोडा जास्त हवा, थोडा कमी हवा, अशी निवड तुमच्याकडे उरत नाही.

‘आवाज पिकअपमधून येतो, मग मान कशाचीही असली तरी काय बिघडलं?’

हा सगळ्यांत चांगला आक्षेप आहे, आणि तो अर्धा बरोबर आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. स्टीलची तार वर थरथरली की गुंडाळीत सूक्ष्म वीज तयार होते, तीच अ‍ॅम्प्लिफायरला जाते. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, अ‍ॅल्युमिनियमही नाही. त्याला फक्त तारेची हालचाल कळते. म्हणून ‘आवाज लाकडातून येतो’ हे विजेच्या गिटारबाबत शब्दशः घेऊ नये.

पण तार हलते कशी, हे तिला धरून ठेवणारी टोकं ठरवतात. एक दोरी घ्या. तिचं टोक भिंतीतल्या कडीला बांधा आणि एक झटका द्या. लाट जाईल, कडीवर आपटेल आणि जवळजवळ तशीच परत येईल. आता तीच दोरी एखाद्या रोपट्याला बांधा. झटका दिला की रोपटं डोलेल, आणि परत येणारी लाट मेलेली असेल. लाटेतला जोर रोपट्याने खाल्ला.

गिटारची मान भिंत आणि रोपटं यांच्या मध्ये कुठेतरी असते. ती स्वतःही थरथरते, आणि तिला स्वतःची अशी काही कंपनं असतात, टेबलाच्या कडेवर दाबून धरलेली फूटपट्टी छेडली की जशी ठरावीक वेगाने थरथरते तशी. तारेचा एखादा स्वर मानेच्या या कंपनाशी जुळला की मान त्या स्वराचा जोर पटापट पिते. जुन्या लाकडी गिटारींवर, विशेषतः बेसवर, एखादी जागा अशी सापडते की तिथला स्वर ‘टुक्’ होऊन विझतो आणि शेजारचे सगळे व्यवस्थित घुमतात. गिटारवाले त्याला डेड स्पॉट म्हणतात.

मान ताठ आणि जड असली की ती कमी डोलते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या आत फार थोडी ऊर्जा जिरवतं. लाकडी दारावर टकटक करा आणि धातूच्या कठड्यावर करा, कोण जास्त वेळ घुमतं ते कळेल. परिणाम असा की तार जास्त वेळ वाजत राहते. गिटारवाले याला सस्टेन म्हणतात. मराठीत त्याला ‘आस’ असा सुंदर शब्द आहे. तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद म्हणजे आस. धातूच्या मानेची आस लांब असते, आणि मुख्य म्हणजे एकसारखी असते. पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत सगळे स्वर सारख्या दमाने येतात. माझ्या कानाला लांबीपेक्षा हा सारखेपणाच मोलाचा वाटतो.

मग आवाज ‘पत्र्यासारखा’ होतो का?

नाही. तारेच्या मूळ स्वराबरोबर तिच्यात अनेक बारीक, उंच स्वर असतात. लाकडी मानेत हे वरचे स्वर लवकर विरतात आणि नाद मऊ, गोलसर होत जातो. धातूच्या मानेत ते थोडे जास्त टिकतात, म्हणून आवाज स्वच्छ आणि काठ असलेला वाटतो. काहींना तो थंड वाटतो. ही आवडीची बाब आहे, आणि लाकडी मानेचा आवाज आवडणाऱ्यांचं काही चुकत नाही.

पण एका बाजूला अल्बिनींचा करवतीसारखा कापत जाणारा आवाज आहे, आणि दुसऱ्या बाजूला ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या जेरी गार्सियांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात वाजवलेला पाण्यासारखा नितळ आवाज. दोघांच्या हातात ट्रॅव्हिस बीन होती. पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर, तारा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे वाजवणारे हात, आवाजाचा मोठा वाटा त्यांचा. मानेचा वाटा खरा आहे, पण लहान आहे. कुणी म्हणालं की अ‍ॅल्युमिनियमची मान लावली की आवाज आपोआप अमक्यासारखा होतो, तर ते मनावर घेऊ नका.

ऊब

आता मुख्य मुद्दा.

अ‍ॅल्युमिनियमला ओलाव्याचं काही पडलेलं नसतं, पण तापमानाचं फार पडलेलं असतं. सगळेच पदार्थ तापले की वाढतात. प्रश्न असतो किती. दर अंश सेल्सिअसला स्टील एक मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३, आणि लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने जेमतेम ३ ते ५.

या तीन आकड्यांत सगळी गोष्ट आहे. जरा थांबून बघू.

लाकडी गिटार थंड खोलीतून गरम खोलीत नेली. स्टीलच्या तारा वाढल्या, मान जवळपास तेवढीच राहिली. तारा सैल झाल्या, सूर उतरला. अ‍ॅल्युमिनियमची गिटार नेली. तारा वाढल्या, पण मान त्यांच्या जवळजवळ दुप्पट वाढली. तारा ताणल्या गेल्या, सूर चढला. म्हणजे एकाच मंचावर, एकाच दिव्यांखाली शेजारी उभ्या दोन गिटारी विरुद्ध दिशांना सरकतात. एक उतरते, दुसरी चढते, आणि दोघांतली फट दोन्ही चुकांच्या बेरजेएवढी होते. दोघेही आपापल्या जागी म्हणतात, मी तर सुरात लावली होती! खरंच लावलेली असते.

आकडा किती? तारेचा वाजणारा भाग साधारण ६५ सेंटिमीटर. मान ब्रिजपर्यंत धातूचीच असेल आणि ती १० अंशांनी तापली तर वाढ होते ०.१५ मिलिमीटर. दीड कागदाच्या जाडीएवढी. पण स्टीलची ताणलेली तार एवढ्यानेही चढते. ताराही सोबत तापल्या तर त्यातला अर्धा परिणाम कापला जातो. उरलेला अर्धा जाड तारांवर कानाला स्पष्ट कळतो. जाड तारांवर जास्त का? त्यांच्यात ताण पेलते ती आतली स्टीलची तार. वरचं वेटोळं फक्त वजन वाढवतं. पहिल्या, सर्वांत बारीक तारेच्या तुलनेत या आतल्या तारेवर दर चौरस मिलिमीटरला ताण कमी असतो, म्हणून तीच वाढ तिच्या बाबतीत प्रमाणाने मोठी पडते. ब्रिज हलवायची दांडी असलेल्या गिटारवर जाड तारा पहिल्या तारेपेक्षा जास्त सरकतात, त्यामागेही हेच कारण आहे.

याच्यावर आणखी एक चकवा आहे, आणि मी त्यात पुरता सापडलो होतो. एका थंडीच्या संध्याकाळी बाहेरून आत आलो, पेटीतून गिटार काढली, लगेच ट्यून केली आणि वाजवायला उभा राहिलो. दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळं बिघडलेलं. पुन्हा लावली, पुन्हा बिघडली. कारण नंतर उमगलं. तारा बारीक असतात. त्या मिनिटभरात खोलीच्या तापमानाला येतात. मानेत धातूचा मोठा साठा. तिला वेळ लागतो. म्हणजे आधी तारा सैल होऊन सूर उतरतो, मी तो वर ओढतो, मग मान हळूहळू तापून वाढते आणि तोच सूर आणखी वर जातो. मी घाईने केलेली दुरुस्ती मागाहून येणाऱ्या चुकीत भर घालत होती.

हातानेही हे होतं. घरी करून बघता येईल: गिटार खोलीत तासभर उघडी ठेवा, मग ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, लावून सहावी, सर्वांत जाड तार अगदी सुरात आणा. आता तार न छेडता फक्त मान तळव्यात धरून पाच मिनिटं बसा, आणि पुन्हा छेडा. काटा उजवीकडे, म्हणजे चढ्या सुराकडे, सरकलेला दिसतो. तुमच्या हाताची ऊब मानेत गेली, मान वाढली.

एकदा हे समजलं की जाच संपतो. गिटार वाजवण्याआधी अर्धा तास पेटीबाहेर, त्याच खोलीत ठेवायची. दोन-चार मिनिटं वाजवून हाताची ऊब तिला द्यायची आणि मग ट्यून करायची. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा बघायचं. त्यानंतर ती एखाद्या खडकासारखी जागेवर बसते. लाकडी गिटार ऋतूंप्रमाणे महिनोन्‌महिने रुसते. ही पंधरा मिनिटं रुसते.

थंड, जड, आणि हात काळे करणारी

‘हाताला गार लागते’ ही तक्रार खरी आहे, पण त्याचा अर्थ ती खोलीपेक्षा गार असते असा नव्हे. लाकडी मान आणि धातूची मान एकाच तापमानाला असतात. पण अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजारपट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून ते तुमच्या तळव्याची ऊब खेचून घेतं आणि मेंदूला ते ‘गार’ म्हणून कळतं. पहाटे लोखंडी कठड्याला हात लावल्यावर जे होतं तेच. पाचेक मिनिटांत मान हाताएवढी उबदार होते आणि मग मात्र ती लाकडापेक्षा गुळगुळीत वाटते. घामाने चिकटणारा रोगणाचा थर नसल्याने तळवा मोकळा सरकतो.

वजनाची तक्रार मात्र टाळता येत नाही. चार किलोंच्या पुढे जाणं नेहमीचं. त्याहून त्रासदायक म्हणजे तोल. मान जड असली की पट्ट्याला लटकवलेली गिटार झुलत्या फळीसारखी डोक्याच्या बाजूने खाली जाते, आणि डावा हात स्वर दाबायच्या ऐवजी मान उचलून धरण्यात गुंततो. धडाला स्क्रूने जोडलेल्या मानेच्या, हलक्या धडाच्या गिटारींत हे विशेष जाणवतं. खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा बराच फरक पाडतो. अल्बिनी तर पट्टा खांद्यावर घेतच नसत, कमरेला बांधत.

आणि काळे हात. अ‍ॅल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणात एक अतिपातळ थर बसतो. हा थर कडक असतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. पण पॉलिश लावून घासलं की थर निघतो आणि करडी-काळी पूड फडक्याला, बोटांना लागते. घामातलं मीठ वर्षानुवर्षं बसून राहिलं तर बारीक खड्डे पडतात. वाजवून झाल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसणं पुरेसं आहे. जुन्या मानेला आरशासारखी चमक आणण्याचा मोह आवरावा. पन्नास वर्षांच्या हातांनी झिजवलेला तो मंद, रुपेरी पोत एकदा घासून काढला की परत येत नाही.

‘धातूची आहे, शॉक नाही लागणार?’

कोणत्याही विजेच्या गिटारमध्ये तारा आणि ब्रिज आतून जमिनीच्या वायरला, म्हणजे ग्राउंडला जोडलेले असतात. वादकाने तारांना हात लावला की गुणगुण कमी होते ती त्यामुळेच. ब्रिज थेट मानेवर असलेल्या गिटारमध्ये मानही त्या जोडणीत येते. व्यवस्थित अर्थिंग असलेल्या ठिकाणी हा फायदाच आहे. पण अर्थिंग तुटलेलं असेल, किंवा जुना अ‍ॅम्प्लिफायर सदोष असेल, तर गिटारचा जो भाग हातात आहे तो धोक्याचा होऊ शकतो. लाकडी मानेच्या गिटारलाही हा धोका असतोच, कारण तारा धातूच्याच. इथे तळवा सतत टेकलेला असतो एवढंच. अनोळखी जागी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. माइकला ओठ लावण्याआधी तर नक्कीच.

इतकी चांगली, तर बंद का पडली?

कारण ती घडवायला महाग होती. धातूच्या ठोकळ्यातून मान कोरून काढायची, पोकळ करायची, घासायची. यंत्राचा वेळ आणि माणसाचा वेळ दोन्ही जायचे. ट्रॅव्हिस बीन १९७९ला थांबली. क्रेमरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी मानांकडे मोर्चा वळवला, आणि गंमत म्हणजे त्यानंतरच ती कंपनी सर्वांत जास्त खपणाऱ्यांत जाऊन बसली. गिटारवाल्यांना लाकूड आवडतं. ओळखीचा स्पर्श सोडायला माणसं सहजी तयार होत नाहीत. पुढे ही कल्पना पुन्हा जिवंत झाली आणि अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल गिटार कंपनीने तशा गिटारी पुन्हा बनवल्या. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती.

जुनी घेताना

आधी मान डोळ्याजवळ धरून, बंदुकीचा नेम धरावा तशी, धडापासून वर बघा. दोन्ही कडा सरळ आणि एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. ट्रस रॉड नाही, म्हणजे बाक असेल तर तो किल्लीने जाणार नाही. थोडाफार दोष फ्रेट कमी-जास्त घासून झाकता येतो, पण फ्रेटमध्ये तेवढी उंची शिल्लक हवी. म्हणून फ्रेट किती झिजलेत हे आधी पाहा आणि किमतीचं नंतर बोला. आपटून मुरडलेली मान असेल तर सरळ परत करा.

मग पट्टी. ती धातूवर चिकटवलेली असते आणि दोघांची वाढ वेगवेगळी, त्यामुळे पन्नास वर्षं तो चिकटवा रोज थोडा थोडा ओढला गेलेला असतो. कडेने नख फिरवा. कुठे अडकतंय का, फट लागतेय का ते कळेल. पाठीत लाकडाच्या पट्ट्या असतील तर तिथेही हेच. माझ्या गिटारच्या पाठीत अंगठ्याच्या नेमक्या जागी लाकूड आकसून धातूची कड केसभर वर आली आहे. दिसत नाही, पण वर-खाली सरकताना प्रत्येक वेळी लागते. मी ती घासून घेतलेली नाही. आता अंगठ्याला सातवा फ्रेट आला हे तिच्यावरूनच कळतं.

धड लाकडी असेल आणि आत धातू असेल तर त्यांच्या सांध्याजवळ रोगणाला बारीक चिरा दिसू शकतात. ओलाव्याने धड फुगतं-आकसतं, धातू जागचा हलत नाही. रोगणापुरती चीर असेल तर घाबरायचं कारण नाही. लाकूडच उललं असेल तर भाव कमी करायला हवा. म्हणजे ओलाव्यापासून सुटका फक्त मानेपुरती. धडासाठी कोरड्या-दमट हवेची काळजी कुठल्याही गिटारइतकीच घ्यायची.

स्क्रू हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. स्टीलचा स्क्रू अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत बसवलेला असतो. घाम आत गेला की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि स्क्रू जाम होतो. जोर लावला की स्क्रूऐवजी आटे निघून येतात. विकत घेण्याआधी मालकाला विचारून एक-दोन स्क्रू हलकेच अर्धा फेरा सोडवून बघा. सुटला, तर मानेवर हात फिरवा, पट्टा खांद्याला लावा आणि निदान वीस मिनिटं उभ्याने वाजवा. पहिली पाच मिनिटं धरू नका, तेवढ्यात ती फक्त तुमचा हात ओळखत असते.